पाच पेट्या आणि सात ताटं

"पेट्या कधी काढायच्या?" असं आईनं विचारलं, की दिवाळीची सुट्टी आठवड्यावर आली हे आम्हाला कळायचं. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घराला गच्चीवर जायला लोखंडी जिना होता आणि त्या जिन्याखाली पाच लाकडी पेट्या वर्षभर एकीवर एक रचलेल्या असत. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथं मशिनं ज्या खोक्यांतून येत ती खोकी नंतर भंगारात निघत. कामगार ती घरी नेत. कुणी त्यांचं कोंबड्यांचं खुराडं करी, कुणी बंबात घाली. अण्णांनी त्यांच्या पेट्या करून घेतल्या. कड्या-कोयंडे लावले, उचलायला दोन्ही अंगांना दोराच्या मुठी बसवल्या, बाहेरून एक ते पाच नंबर टाकले आणि प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटनं त्या पेटीत काय काय असायला हवं त्याची यादी रंगवली. एक नंबरात तंबू, खुंट्या, दोर. दोनात स्टोव्ह, पिना, रॉकेलचा कॅन, कंदील. तिनात भांडी. चारात अंथरूण-पांघरूण. पाच नंबरावर अण्णांनी नुसतं ‘किरकोळ’ लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरात सुईदोऱ्यापासून टिंक्चर आयोडीनपर्यंत वीस-बावीस वस्तू. मला त्या पाच नंबराचं फार वेड होतं. लिहायला-वाचायला मी शाळेत शिकले, पण मनातल्या मनात वाचायला त्या झाकणावर शिकले असं मी अजूनही म्हणते.

या पेट्या घेऊन आम्ही दरवर्षी तीन दिवस बागलाणात जाऊन राहत असू, तेही ट्रकनं. नामपूरचे साहेबराव मामा स्वतःचा ट्रक चालवत. नाशिकला कांदा टाकून ते बहुतेक वेळा रिकामेच परत जात, आणि अण्णांची त्यांची ओळख कारखान्याच्या फाटकावर झाली होती. तर जाताना रिकाम्या ट्रकात आम्ही आणि आमच्या पेट्या. मामा आम्हाला ताहाराबादच्या पुढं मोसम नदीच्या काठी एका आंब्याच्या राईत उतरवत, आपण नामपूरला घरी जात, आणि तिसऱ्या दिवशी कांद्याच्या गोण्या भरून आम्हाला न्यायला येत. येताना पेट्या गोण्यांवर आणि आम्ही पेट्यांच्या आजूबाजूला. आज कुणी पोराबाळांना असं नेलं तर पहिल्याच नाक्यावर उतरवतील आणि वर वर्तमानपत्रात नाव येईल. तेव्हा लोक आमच्याकडे बघून हात हलवायचे.

आम्ही म्हणजे सातजण. अण्णा, माझा मोठा भाऊ मिलिंददादा, मी, अण्णांच्या खात्यातले गांगुर्डे काका, काकू आणि त्यांच्या दोन मुली, संघमित्रा आणि धाकटी पिंकी. आई यात नव्हती. माझे आजोबा, तात्या, यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. ते आतल्या खोलीत खाटेवर असत, बोलणं अर्धवट फुटे, आणि त्यांचं सगळं आई करी. आईनं घर सोडायचं तर तात्यांना कुणी बघायचं, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारतसुद्धा नसे. ज्याचं उत्तर माहीत असतं तो प्रश्न कोण विचारील.

भरण्याचा एकच नियम होता, आणि तो अण्णा आम्हाला पाढ्यासारखा म्हणायला लावत: आधी लागणारं शेवटी चढवायचं. उतरल्याबरोबर तंबू लागतो, म्हणून एक नंबर ट्रकच्या फाळक्यापाशी. रात्रीशिवाय पांघरूण लागत नाही, म्हणून चार नंबर आत, केबिनला टेकून. परतीच्या वेळचा हिशेब उलटा, कारण तेव्हा खाली कांदा असे आणि पेट्या गोण्यांवर दोरानं आवळाव्या लागत. निघायच्या आधल्या रविवारी अंगणात रंगीत तालीम होई. मी झाकणावरची यादी मोठ्यानं वाचायची, आईनं पेटीत हात घालून "आहे" म्हणायचं आणि अण्णांनी खडूनं बरोबरची खूण करायची. कारखान्यातही म्हणे माल असाच मोजत. गांगुर्डे काका हे बघायला मुद्दाम येत आणि पायरीवर बसून चहा पीत म्हणत, "सुखदेवराव, आपण फिरायला निघालोय का चढाईला?" अण्णा हसत नसत. जुळलेली यादी हे त्यांच्या लेखी पुण्यकर्म होतं, आणि पुण्यकर्माच्या वेळी हसायचं नसतं.

पण पेट्या भरण्यापेक्षा मला त्या उघडण्याची ओढ जास्त होती. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्या गच्चीवर नेऊन आई एकेक वस्तू बाहेर काढी, झटके, पुसे, उन्हाला घाली. सगळ्याला कांद्याचा वास मारत असे. मी तिच्या शेजारी बसे, कारण ती सामानावरून आमची सहल वाचायची. घोंगडीतलं एकेक कुसळ उपटत म्हणायची, "या वेळी आघाडा नाही कुठं. बांधाच्या कडेला नाही ना उतरलात?" नव्हतो उतरलो. पातेल्याच्या बुडावर बोट फिरवून, "ओलं लाकूड जाळलंत. चिकट काजळी आहे." जाळलं होतं. खुंटीला चिकटलेली माती चिमटीत चुरडून ती म्हणे, "ही मागच्या वर्षीची काळी नाही. वर सरकलात तुम्ही." एकदा दोराचं टोक कापलेलं बघून तिनं मला इतकं खोदून खोदून विचारलं, की दादा त्या दोरानं झाडावर चढून अडकला होता आणि काकांनी दोर कापून त्याला सोडवला होता हे मला सांगावंच लागलं. अण्णांना तोवर ते ठाऊक नव्हतं. तात्या आतून हाका मारत, तेव्हा ती उठून जाई, परत येई आणि बोलणं जिथं सोडलं तिथूनच पुढं चालू करी. ती कुठंही न जाता आमच्यापेक्षा जास्त फिरून आलेली असे, असं मला वाटायचं. त्या वयात हे मला मोठं कौतुकाचं वाटलं. त्यात वाईट वाटण्यासारखं काही असेल हे ध्यानात यायला मला चौदा वर्षांचं व्हावं लागलं.

त्या वर्षी निफाडच्या आत्याच्या घरी सून आली. आत्याची द्राक्षबाग, दिवाळीच्या सुमाराला बागेत छाटणीनंतरची कामं निघायची, त्यामुळे तिला तोवर कधी घराबाहेर पडता आलं नव्हतं. आता सून आहे म्हटल्यावर ती सुटी झाली आणि तिनं स्वतःहून निरोप पाठवला, की मी चार दिवस तात्यांजवळ राहते, वहिनीला जाऊ द्या तुमच्याबरोबर. निरोप ऐकून आई भाकरी थापत होती ती थापतच राहिली. तव्यावरची करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "सुजा, तिथं नदीला पाणी किती असतं गं?" मी म्हटलं, गुडघाभर. "वाहतं?" वाहतं. "आणि तंबूच्या आत उभं राहता येतं का वाकावं लागतं?" त्या आठवड्यात तिनं मला असे शेपन्नास प्रश्न विचारले. सामान बघून जे ओळखता येत नव्हतं ते सगळं तिनं इतकी वर्षं साठवून ठेवलं होतं.

रविवारी अंगणात रंगीत तालीम झाली. मी वाचत होते, आई "आहे" म्हणत होती, अण्णा खडू ओढत होते. "ताटं सात." आहे. "वाट्या सात." आहे. "पेले सात." आहे. "घोंगड्या सात." आहे. माझा आवाज खणखणीत होता, शब्द ना शब्द स्पष्ट. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढं जे झालं त्यात माझा वाटा किती, हे झाकून ठेवायची मला इच्छा नाही.

पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघालो. साहेबराव मामांनी आईला केबिनमध्ये बसायला सांगितलं. आई म्हणाली, "नको दादा, मागंच बसते. पुढं बसून काचेतून काय बघायचं?" मग ताडपत्रीवर घोंगडी टाकून ती फाळक्याला टेकून बसली आणि आम्हाला सोडून मागं पळणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. पिंपळगाव गेलं, सोग्रस फाट्याला ट्रक वळला, देवळा आलं. वाटेत शेतातून कांद्याची काढणी चाललेली, पातीचा हिरवा उग्र वास. सटाण्याला चहाला थांबलो तेव्हा तिच्या केसांवर, भुवयांवर धूळ बसली होती आणि ती इतकी खुशीत होती, की काकू तिला म्हणाल्या, "ताई, माहेरी निघालात जणू." आई म्हणाली, "माहेरी जाताना एवढं बघायला कुठं मिळतं? पोरं आणि पिशव्याच सांभाळायच्या असतात."

राईत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एक नंबर खाली आली, अण्णा आणि काका तंबू उभा करायला लागले. तो तंबू म्हणजे जाड कॅनव्हासचा बोजड प्रकार होता. त्याचा फाटलेला कोपरा, सुटलेल्या कड्या, दोर ओवायची बिरडी, सगळं आईनं दरवर्षी गच्चीवर बसून सोयानं, म्हणजे जाड सुईनं, शिवलेलं. पण तिनं तो उभा कधी पाहिला नव्हता. तिच्या दृष्टीनं ती वाळत घालायची एक मोठी चादर होती. मधला बांबू उभा राहिला, दोर ताणले गेले, आणि ती तंबूभोवती हळूहळू फिरायला लागली. प्रत्येक टाक्याला हात लावून बघत होती. "हे बिरडं इथं ताण घेतं होय," ती अण्णांना म्हणाली. "मला वाटायचं, नुसतं अडकवायला आहे. अहो, मग सांगायचं नाही का, मी दुहेरी दोरा घातला असता." अण्णा खुंटी ठोकत होते. "तुला सांगायचं म्हणजे काय सांगायचं, तंबू आहे," ते म्हणाले. आई आत जाऊन उभी राहिली, बाहेर आली, परत आत गेली. वाकावं लागत नव्हतं.

जेवण घरूनच आणलेलं होतं. बाजरीच्या भाकरी, भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. काकूंनी तीन नंबर उघडली, ताटं काढून एकेकाच्या पुढं मांडली. साहेबराव मामा ट्रकच्या सावलीत आपला पितळी डबा घेऊन बसले. ते नेहमी घरचंच खात. आई वाढायला उभी राहिली. आम्ही सगळे जेवायला लागलो. आई वाढते आणि आपण जेवतो, यात नवं काय होतं? दुसरी भाकरी संपत आली तरी आमच्यापैकी कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. शेवटी मामांनीच तोंडातला घास गिळून विचारलं, "ताई, तुमी कसामां जेवशात? ताट कथं शे तुमनं?"

काकूंनी पेटीत पाहिलं. पेटीत ताट नव्हतं. अण्णा उठले, पेटीपाशी आले, आणि त्यांनी पेटीत नाही, झाकणावर पाहिलं. मग आमच्या पुढ्यातली ताटं बोटानं मोजली. सात. परत झाकण पाहिलं. "यादी तर बरोबर आहे," ते म्हणाले.

इतक्या वर्षांनंतरही मला ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. अण्णा कठोर नव्हते. स्टोअरमधल्या माणसाला वस्तू कमी पडली की आधी यादी बघायची सवय असते, आणि यादी जुळली की त्याच्यापुरता प्रश्न मिटतो. पण सगळ्यात वाईट म्हणजे आईही तेच म्हणाली. "हो, बरोबरच आहे. मी मोजून भरलीत ना. सात." आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अहो, मी मलाच विसरले. घोंगड्यापण सातच घातल्यात मी. पेलेपण." गांगुर्डे काका जरासे हसले आणि मग हसायचे थांबले. काकूंनी आपलं ताट उष्टं असूनही पुढं केलं. पिंकी, जी तेव्हा सहा वर्षांची असेल, म्हणाली, "काकू, तुम्ही लिस्टमध्ये नव्हत्या?"

अण्णांनी आपलं ताट उचललं, नदीवर जाऊन धुऊन आणलं आणि आईपुढं ठेवलं. स्वतः पातेल्याच्या झाकणात भरीत घेऊन जेवले. मामा निघायला उठले तेव्हा केबिनमधून आपली गोधडी घेऊन आले आणि आईच्या हातात दिली. आई नको नको म्हणायला लागली तर म्हणाले, "मी ते घर जास. माले काय करनी शे गोधडी? ठेवा." ट्रक धूळ उडवत गेला. गोधडीला डिझेलचा आणि विडीचा वास होता. पुढचे दोन दिवस आईनं तीच पांघरली.

मी नदीवर जाऊन बसले. मला माझाच राग आला होता. सातदा ‘सात’ वाचताना माझ्या डोक्यात एकदाही आठ आला नव्हता, आणि आईच्या येण्याचा सगळ्यात जास्त आनंद तर मला झाला होता. थोड्या वेळानं आई आली. मला वाटलं, समजूत घालील. ती पाण्यात पाय सोडून बसली आणि काठाची माती उकरून तिनं नाकाला लावली. "हाच वास," ती म्हणाली. "तुमच्या घोंगड्यांना येतो तो. मी समजायचे, शेणाचा आहे." मी विचारलं, "तुला राग नाही आला?" ती म्हणाली, "आला ना. माझाच आला, तुझ्या बापाचापण आला. पण तीन दिवसांतले दोन घास राग खाऊन गेला तर उरलं काय? नंतर बघू त्याचं. ते पलीकडं पिवळं काय आहे गं, कारळा का?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि आम्ही नदी ओलांडून ते बघायला गेलो. कारळाच होता.

ते तीन दिवस आईनं मनसोक्त उपभोगले, याला दुसरा शब्द मला सुचत नाही. स्टोव्हच्या पिना मोडून घरी का येतात ते तिला तिथल्या वाऱ्यात कळलं. कंदिलाच्या काचेवर एकाच बाजूला काळं का धरतं तेही कळलं. सकाळी काकूंबरोबर बुद्धवंदना म्हणून झाली की ती एकटीच राईतून चक्कर मारून येई आणि मुठीत काहीतरी घेऊन येई: बी, पीस, एखादा दगड. दादाला तिनं विचारलं, "ते झाड कुठलं रे, ज्याच्यावर तू लटकला होतास?" दादा लाजला, पण त्यानं दाखवलं. तिनं ते झाड खालून वरपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "दोर कापायची गरज नव्हती. त्या फांदीवरून उतरता आलं असतं." मात्र त्या तीन दिवसांत चहा प्यायच्या वेळी, झोपायच्या वेळी, काहीतरी एक कमी पडतच राहिलं. कुणीतरी थांबायचं, कुणीतरी वाटीत चहा प्यायचं. दर वेळी अण्णा झाकणाकडे पाहत. तिसऱ्या दिवशी पेट्या भरताना त्यांनी मला यादी वाचायला सांगितली नाही. स्वतःच भरल्या.

येताना आई कांद्याच्या गोण्यांवर बसली. इतक्या उंचावरून तिनं सटाण्याचा बाजार, देवळ्याचा घाट, उसाच्या बैलगाड्या, सगळं पाहिलं आणि नाशिक जवळ आलं तशी ती हळूहळू गप्प होत गेली. घरी आत्या दारातच उभी होती. तिचे डोळे खोल गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती निफाडला गेली. जाताना आईला म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस, पण मला हे पुन्हा जमायचं नाही. बाप आहे माझा, पण नाही जमायचं." आई म्हणाली, "तुम्ही आलात हेच खूप झालं." एवढंच बोलणं झालं आणि आईच्या पुढच्या सगळ्या सहली त्या एसटीत बसून निघून गेल्या असं मला वाटलं. अंगणात उभी राहून मी रडले. आई आत तात्यांचं पांघरूण बदलत होती.

दुपारी पेट्या गच्चीवर गेल्या. आई नेहमीसारखी उकिडवी बसली, पण या वेळी प्रश्न विचारायचं कारणच नव्हतं. ती नुसती कुसळं उपटत होती. तेवढ्यात अण्णा वर आले. त्यांच्या एका हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि दुसऱ्या हातात बारका ब्रश होता. त्यांनी तीन नंबरचं झाकण उघडलं, समोर मांडी घातली आणि आधीचा सात खरवडून काढण्यासाठी खिशातला पॉलिशपेपर त्यावर घासायला लागले. "काय करताय?" आईनं विचारलं. "आठ करतो," ते म्हणाले. खाली मान घालून म्हणाले. अण्णांच्या तोंडून माफी म्हणून जे काही निघू शकत होतं ते एवढंच होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, आता काय उपयोग, आत्या तर येणार नाही.

आईनं घोंगडी बाजूला ठेवली. "राहू द्या," ती म्हणाली. "सातच असू द्या."

"का?"

"पुढच्या वर्षी मी जाईन. तुम्ही थांबा."

पॉलिशपेपरचा आवाज थांबला. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं असावं. मग म्हणाले, "तात्यांचं मला कसं जमेल?"

"न जमायला काय झालं? तुमचेच वडील आहेत. यादी करून देते मी," आई म्हणाली आणि परत कुसळं उपटायला लागली.

वर्षभर हा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मला वाटलं, गच्चीवरचं बोलणं गच्चीवरच विरलं. पण पुढच्या दिवाळीच्या आधी आईनं माझी एक अर्धी कोरी राहिलेली शाळेची वही मागून घेतली. तात्या झोपले की ती खाटेशी बसून लिहायची. चौथीपर्यंत शिकलेली होती, अक्षर मोठं आणि एकेक जोडाक्षर विचार करून काढलेलं. मला दाखवायची नाही. रविवारी अंगणात पेट्यांची तालीम झाली. या वेळी सगळं आपणच वाचतो असं अण्णा म्हणाले, आणि पाचही झाकणं त्यांनी वाचली. सात, सात, सात. आई आहे, आहे म्हणत गेली. गांगुर्डे काका पायरीवर होते, पण त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही. पाचवं झाकण मिटल्यावर आईनं पदराखालून वही काढून अण्णांच्या हातात दिली. "हीपण वाचून घ्या. काही राहिलं असेल तर आत्ताच सांगा."

अण्णांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि स्टोअरमध्ये वाचतात तसं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "साडेचार. तात्यांची कूस बदलणे. पाठीला पावडर. चादर ओली असल्यास बदलणे, नसली तरी हात लावून पाहणे. पावणेपाच. पाणी तापत ठेवणे. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत चोळणे, शंभर मोजणे, मधे थांबल्यास ते रागावतात. पाच. तोंड धुणे, कवळी घासणे. चहा चमच्यानं, मान उजवीकडे कलती ठेवणे, नाहीतर ठसका." पहिलं पान संपलं. अण्णांनी उलटलं. दुसरं पान वाचताना आवाज जरा उतरला. त्यात तात्यांच्या शब्दांची फोड होती: ‘बा’ म्हणजे पाणी, ‘बाबा’ म्हणजे खिडकी उघडा, काहीच न म्हणता भिंतीकडे बघितलं तर जवळ बसणे, बोलू नये. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तिसरं पान. चौथं. आता अण्णा मनात वाचत होते, नुसते ओठ हलत होते. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. पाचवं पान संपलं, तेव्हा अण्णांनी पुढचं पान कोरं आहे का बघितलं. ते कोरं होतं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला.

"हे सगळं," ते म्हणाले, "रोजचं?"

"ते सकाळचं आहे," आई म्हणाली. "दुपारचं आणि संध्याकाळचं मागच्या बाजूनं लिहिलंय."

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला आणि वही उलटी करून वाचायला लागले.